संदर्भावर भरवसा किती ठेवावा?

पाचवीतल्या मुलापुढे हा प्रश्न ठेवून पाहा. ‘ब्लाउज शिवताना शिंप्यानं दोन्ही अंगांना माया ठेवली होती, म्हणून दोन वर्षांनी तोच ब्लाउज उसवून सैल करता आला.’ या वाक्यात ‘माया’ या शब्दाचा अर्थ कोणता? पर्याय चार : प्रेम, संपत्ती, भ्रम आणि शिवणीत राखलेलं जादा कापड. चारही अर्थ कोशात सापडतात. ‘माया म्हणजे प्रेम’ एवढं घोकून आलेला मुलगा बेधडक पहिल्या पर्यायावर खूण करतो. शिवणकामातली माया ज्यानं कधी ऐकलेलीच नाही असा एखादा मात्र ‘उसवून सैल करता आला’ एवढ्यावरून बरोबर उत्तरापर्यंत पोचतो.

प्रमाणित परीक्षांमधला शब्दार्थाचा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत हळूहळू या वळणावर आला आहे. पूर्वी परीक्षा विचारायची की शब्द येतो का; आता विचारते की इथे तो कोणत्या अर्थानं आला आहे. बदल चांगलाच झाला. पण त्याच्याबरोबर एक सल्लाही बोकाळला : शब्द अडला तर घाबरू नका, मागचं-पुढचं वाचा, अर्थ आपोआप लागतो. क्लासमध्ये, गाइडांत, यूट्यूबवर, जिथे जावं तिथे हाच मंत्र. हा सल्ला परीक्षेच्या हॉलमध्ये बराचसा खरा ठरतो आणि हॉलबाहेर बऱ्याचदा फसतो. हॉलमध्येही तो सगळ्यांना सारखा उपयोगी पडत नाही. या विषयावरचं संशोधन आणि प्रश्नपत्रिका शेजारी-शेजारी ठेवल्या की हे ठळकपणे दिसतं.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. पहिली सॅट, म्हणजे तिथली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा, २३ जून १९२६ रोजी झाली आणि तिला सुमारे आठ हजार मुलं बसली. ती बेतणारे कार्ल ब्रिगम प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मोजायला वापरलेल्या चाचण्यांवर त्यांचा हात बसलेला. त्या परंपरेत शब्दसंपत्ती ही बुद्धी मोजायची सोपी आणि भरवशाची पट्टी मानली जाई, म्हणून शब्द सुटेच विचारले जात. याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द सांगा. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच कुणाचं कशाशी. हा धावपटूचा प्रश्न सॅटमध्ये खरोखर आला होता आणि पुढे चांगलाच बदनाम झाला, कारण उत्तर होतं वल्हेकरी आणि ‘रिगाटा’, म्हणजे होड्यांच्या शर्यती. रिगाटा कुठल्या घरातल्या मुलांना ठाऊक असतो हे सांगायला नको. सुट्या प्रश्नाची खरी अडचण इथे होती. ज्यानं शब्द ऐकलेला नाही त्याला तर्क करायलाही जागा नव्हती.

सुटा शब्द सॅटमधून हद्दपार व्हायला जवळपास ऐंशी वर्षं लागली. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी सॅटवर जाहीर टीका केली. एका महागड्या खासगी शाळेत बारा वर्षांची मुलं शब्दांच्या जोड्या घोकताना त्यांनी पाहिली होती. ही मुलं वाचायला-लिहायला शिकत नसून परीक्षा द्यायला शिकत आहेत, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या मोठ्या विद्यापीठानं सॅट सोडायची भाषा केल्यावर सूत्रं हलली आणि २००५ मध्ये जोड्याही गेल्या. २०१६ मध्ये वाक्यातल्या गाळलेल्या जागांना निरोप मिळाला. त्या फेररचनेमागचे, सॅट चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाचे प्रमुख डेव्हिड कोलमन यांची भूमिका अशी की, परीक्षेनंतर जन्मात न भेटणारे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा ‘सिंथेसिस’, ‘एम्पिरिकल’ असे कॉलेजात पावलोपावली लागणारे शब्द, तेही उताऱ्यात, विचारावेत.

पण गाळलेली जागा गेली ती परत यायलाच. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४ मध्ये अमेरिकेत सॅट पूर्णपणे संगणकावर आली. आता वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येक उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. सुरुवातीलाच शब्दांचे प्रश्न येतात. त्यांतल्या बहुतेकांत एक जागा कोरी असते आणि तिथे ‘सर्वांत तर्कसंगत आणि नेमका’ शब्द बसवायचा असतो. त्या पर्यायांत अवघड शब्द आले की शब्दयाद्यांचा बाजार पुन्हा तेजीत. नव्वदीच्या दशकात शिकवणी घेतलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरईनं तीच वाट एका फटक्यात कापली. ऑगस्ट २०११ मध्ये तिनं विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या दोन्ही काढून टाकले. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली एक अख्खी पिढी त्याआधी ‘बॅरन्स’ या गाइडातल्या साडेतीन हजार शब्दांवर पोसली गेली होती. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जाडजूड पुस्तक, त्यावर आधीच्या दोन मालकांच्या पेन्सिलीच्या खुणा, हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ‘ॲबेट’ ते ‘झील’ असा प्रवास करून मुलं अमेरिकेत जायची आणि तिथे पहिल्याच सेमिस्टरला यांतले बहुतेक शब्द विसरून जायची. तरी त्या घोकंपट्टीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. कारण पुढे येईल.

आज जीआरईत शब्द विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत उताऱ्यात एक ते तीन जागा कोऱ्या असतात आणि सगळ्या बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. तीन जागा आणि प्रत्येकीला तीन पर्याय असले तर डोळे मिटून ठोकलेलं उत्तर बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक. दुसरीत एका जागेसाठी सहा शब्द देतात आणि त्यांतले दोन निवडायचे असतात, असे की दोन्ही वाक्यांचा मथितार्थ सारखा निघावा. अशा पंधरा जोड्या होऊ शकतात. इथे एक ठरलेला सापळा असतो. सहांत समानार्थी शब्दांची एखादी गोंडस जोडी मुद्दाम पेरलेली असते, जी वाक्यात बसतच नाही. वाक्य न वाचता जोडी हुडकणारा तिथे हमखास अडकतो.

हे सापळे रचणाऱ्याची रीत एकदा जवळून पाहू. समजा इंग्रजी उतारा असा आहे : समीक्षकानं कादंबरीची स्तुती केली, पण ती ‘क्वालिफाइड’ होती; भाषा त्याला आवडली, कथानक मात्र निम्म्यावर येऊन विरलेलं वाटलं. ‘क्वालिफाइड’चा इथला अर्थ काय? पर्याय : पदवीधर, पात्र, सढळ, मर्यादित. पहिले दोन पर्याय शब्दाच्या रोजच्या ओळखीवर बेतलेले आहेत. आपल्याकडे क्वालिफाइड म्हणजे शिकलेला, पात्र. स्थळं पाहतानासुद्धा हाच शब्द. तिसरा पर्याय ‘स्तुती’च्या वाऱ्यावर तरंगत येतो. विषयाशी त्याचं जमतं, या वाक्याशी जमत नाही. चौथा बरोबर. ‘पण’ म्हटल्याबरोबर स्तुतीला कुठेतरी खोट येणार हे कळतं. त्यापुढचा अर्धविराम सांगतो की आता खुलासा येतोय, आणि खुलाशात एक बाजू आवडली, एक नाही. प्रश्न सोडवायला क्वालिफाइडचा हा अर्थ माहीत असायची गरज नाही. पण माहीत असलेल्या अर्थाला क्षणभर बाजूला सारायची तयारी मात्र लागते.

बहुतेक चांगले प्रश्न असेच ओळखीच्या शब्दावर असतात. ‘अरेस्ट’ म्हणजे अटक हे सगळ्यांना येतं. ‘कार्डिॲक अरेस्ट’मध्ये कुणी कुणाला पकडत नाही, काहीतरी थांबतं. ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी, पण २०२० मध्ये ‘नॉव्हेल कोरोना’ घराघरांत पोचला तेव्हा त्यातला नॉव्हेल म्हणजे नवा होता. ‘सँक्शन’ तर दोन टोकांना जातो : कर्ज सँक्शन होतं तेव्हा मंजुरी, इराणवर सँक्शन्स लागतात तेव्हा निर्बंध. न येणारा शब्द दिसला की विद्यार्थी आपोआप सावध होतो. येणारा शब्द दिसला की गाफील राहतो, आणि पेपर काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून जाणते शिक्षक एकच युक्ती सांगतात, आणि ती खरोखर चालते. पर्याय हातानं झाकायचे, विचारलेला शब्द वाक्यातून पुसून टाकायचा, तिथे आपल्या पदरचा साधासुधा शब्द घालायचा, आणि मग पर्याय उघडून त्याच्या जवळचा शोधायचा. पर्याय आधी वाचले की चारही खरे वाटायला लागतात.

खुणा कुठे असतात याबद्दल फार लिहिलं गेलं आहे, तेव्हा इथे थोडक्यात. विरोध दाखवणारे शब्द, कारण-परिणाम, उदाहरण, आणि तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणं, एवढ्या चारांत बहुतेक प्रश्न बसतात. मराठीत ‘मात्र’, ‘तरीही’, ‘उलट’ दिसले की वारं फिरतं. ‘किंबहुना’ दिसला की वारं तेच राहतं, जोर वाढतो. ‘किंबहुना’ चुकीच्या जागी वापरणारे इतके वाढले आहेत की ही खूण आता मुलांना दगा देऊ शकते, पण ते असो. इंग्रजीत मेख अशी की हे जोडशब्दच पुष्कळ मुलांना पक्के येत नाहीत. ‘ऑल्बीट’, ‘हार्डली’, ‘फार फ्रॉम’, ‘एनीथिंग बट’. शेवटच्यात ‘एनीथिंग’ आहे म्हणून होकार समजणारे मी पाहिले आहेत. अर्थ आहे ‘अजिबात नाही’. शब्दयाद्यांत ‘ऑब्स्ट्रेपरस’ असतो, ‘एनीथिंग बट’ नसतो. वाटाड्याचीच भाषा येत नसेल तर त्याला विचारून काय उपयोग?

आता प्रश्न असा की खऱ्या लेखनात, म्हणजे कादंबरीत, वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात, अशा खुणा असतात का? संशोधकांची खडाजंगी झाली ती इथे.

एका बाजूचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकी शाळेतल्या छापील इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुलं, म्हणजे एका मुळातून निघालेल्या शब्दांचे गट, आहेत. शाळेत वर्षाकाठी शिकवून शिकवून काही शे शब्द शिकवता येतात. तरीही मुलं त्याहून कितीतरी जास्त शब्द शिकतात. कुठून? वाचता-ऐकताना, संदर्भातूनच. याला प्रतिवाद करणं कठीण आहे.

पण ‘शिकतात’ याचा अर्थ एका भेटीत शिकतात असा नाही. स्वानबॉर्न आणि द ग्लोपर या डच संशोधकांनी १९९९ मध्ये वीस प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दिसलं की, वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्के मुलांच्या पदरात पडतात. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी तसेच निघून जातात. वाचणाऱ्याची लाखो शब्दांशी गाठ पडत राहते म्हणून हे पंधरा टक्के साठत जाऊन मोठे होतात. परीक्षेत मात्र शब्द एकदाच भेटतो आणि त्याच क्षणी अर्थ द्यावा लागतो. दोन्ही गोष्टींना ‘संदर्भातून अर्थ’ असंच म्हणतात, त्यामुळे एकीचा पुरावा दुसरीच्या खाती सहज जमा होतो.

मला यातला सगळ्यांत उपयोगी अभ्यास वाटतो तो इझाबेल बेक, मार्गारेट मकिओन आणि मकॅस्लिन यांचा १९८३ सालचा. त्यांनी मुलांच्या वाचनपुस्तकांतल्या गोष्टी घेतल्या, काही शब्द झाकले आणि प्रौढ वाचकांना ते ओळखायला सांगितलं. संदर्भाचे चार प्रकार निघाले. काही थेट अर्थाकडे बोट दाखवतात. काही साधारण दिशा देतात. काही काहीच सांगत नाहीत. आणि काही चक्क फसवतात. पहिल्या प्रकारात बहुतेकांना शब्द सापडला. शेवटच्या प्रकारात जवळपास कुणालाच नाही. हे प्रौढ होते, चांगले वाचणारे होते, आणि झाकलेले शब्द त्यांना येत होते, हे लक्षात घ्या.

मराठीतून पाहू. ‘सलग तीन वर्षं अवर्षण होतं. विहिरी आटल्या, गुरं छावणीत गेली.’ इथे अवर्षण म्हणजे काय हे शब्द न ऐकलेल्यालाही कळेल. आता दुसरं : ‘सगळे टाळ्या वाजवत होते, हसत होते. तात्या मात्र निर्विकार बसून होते.’ ‘मात्र’मुळे एवढं कळतं की तात्या हसत नव्हते. पण ते चिडले होते, खिन्न होते, की त्यांना काहीच वाटत नव्हतं? तिन्ही अर्थ चालतात. सॅटचं ‘नेमका’ हे विशेषण इथे येऊन बसतं. संदर्भ तुम्हाला गल्लीपर्यंत आणून सोडतो, घर क्रमांक शब्दाच्या ओळखीतूनच मिळतो. तिसरं : ‘आजोबांचा तो अमूल्य ठेवा आम्ही माळ्यावर टाकून दिला होता.’ वाक्याचा सूर हिणकस, शब्दाची फोड ‘अ’ अधिक ‘मूल्य’. ज्याला अमूल्य येत नाही तो ‘बिनकिमतीचा’ म्हणणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? संदर्भ आणि फोड दोघांनी मिळून त्याला खड्ड्यात घातलं.

शाट्झ आणि बाल्डविन यांनी १९८६ मध्ये आणखी टोकाचा निष्कर्ष मांडला. खऱ्या कादंबऱ्यांतून, पाठ्यपुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून अवघड शब्द निवडले, निम्म्या विद्यार्थ्यांना वाक्यांसह दिले, निम्म्यांना सुटे. वाक्यं मिळालेल्यांना काही विशेष फायदा झाला नाही. शब्दच फार दुर्मीळ निवडले, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरी शिक्षणपुस्तिकांतल्या ‘माळीबुवांनी, म्हणजे बाग सांभाळणाऱ्यांनी’ छापाच्या वाक्यांनी आपली जी समजूत झालेली असते, तिला हा अभ्यास चांगला धक्का देतो. परीक्षेतला उतारा हा खुणा पेरलेला उतारा असतो. पेपर काढणाऱ्याला चारांतलं एकच उत्तर बरोबर आहे हे सिद्ध करता यावं लागतं, म्हणून पुरावा उताऱ्यात ठेवावाच लागतो. कादंबरीकारावर अशी सक्ती नसते.

परक्या भाषेत शिकणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य परीक्षार्थींसाठी, एक अडसर आणखी आहे. बातिया लाउफर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की मजकुरातले निदान ९५ टक्के शब्द येत असल्याशिवाय वाचन पुढे सरकत नाही. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानं ती रेघ ९८ टक्क्यांवर नेली. आकडा कोरडा वाटतो, म्हणून तो सॅटच्या उताऱ्यावर ठेवून पाहावा. शंभर शब्दांचा उतारा असेल तर ९८ टक्के म्हणजे दोन शब्द अडले, ९५ म्हणजे पाच, ९० म्हणजे दहा. दहा शब्द अडलेल्या मुलाला अकराव्याचा अर्थ संदर्भातून लाव असं सांगणं ही थट्टा आहे; त्याचा संदर्भच भोकाभोकांचा आहे. दोन अडलेल्याला तो सल्ला सोन्यासारखा. म्हणजे ज्याचा शब्दसाठा आधीच भरलेला आहे त्यालाच संदर्भ भरभरून देतो. बॅरन्सची घोकंपट्टी मी सरसकट मोडीत काढत नाही ती याचसाठी. यादीतून अर्धवट ओळखीचा झालेला शब्द उताऱ्यात भेटला की संदर्भ ती ओळख पक्की करतो. अगदी कोऱ्या पाटीवर तो फारसं लिहीत नाही.

लाउफर यांनीच पुढे १९९७ मध्ये आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधलं : कळल्यासारखे वाटणारे शब्द. शिकणारे ‘नेव्हरदलेस’चा अर्थ ‘कधीच कमी नाही’ असा लावतात, ‘आउटलाइन’चा ‘रेषेबाहेर’. शब्दाची फोड मनात एवढी घट्ट बसते की मग संदर्भालाच तिच्या मापानं कापलं जातं. वाक्य काय म्हणतंय यापेक्षा ‘मला शब्द येतो’ ही खात्री वरचढ ठरते.

लहान मुलं काय करतात हे त्याही आधी, १९५२ मध्ये, वेर्नर आणि काप्लान यांनी पाहिलं होतं. त्यांनी बनावट शब्द रचले. त्यांतला एक ‘कॉर्प्लम’. एकापाठोपाठ सहा वाक्यं मुलांना दाखवायची : कॉर्प्लमचा आधार घेता येतो, कॉर्प्लमनं उघडी जागा बंद करता येते, असं करत करत अर्थ आवळत आणायचा. कॉर्प्लम म्हणजे काठी किंवा लाकडाचा तुकडा. लहान मुलं अख्ख्या वाक्याचा अर्थ त्या एका शब्दात कोंबत. शब्द आणि वाक्य त्यांना सुटे करताच येईनात. एका वाक्यात बसलेला अर्थ दुसऱ्यात बसत नाही, तर पहिला बदलावा, हेही त्यांना सुचत नसे. सात दशकांनंतरच्या बहुपर्यायी प्रश्नात ‘विषयाशी जमणारा पण शब्दाशी न जमणारा’ चुकीचा पर्याय एवढा यशस्वी का होतो, याचं उत्तर या जुन्या प्रयोगात आहे.

मग ही कला शिकवून येते का? येते, पण बेताची. फुकिंक आणि द ग्लोपर यांनी १९९८ मध्ये अशा शिकवण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि परिणाम मध्यम निघाला. त्याच वर्षी कून आणि स्टाल यांच्या पाहणीत एक गमतीशीर गोष्ट पुढे आली. खुणांचे प्रकार नावानिशी शिकवलेली मुलं आणि नुसताच सराव केलेली मुलं यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘विरोध-खूण’, ‘व्याख्या-खूण’, ‘उदाहरण-खूण’ असे तक्ते वहीत उतरवून घेणाऱ्या क्लासवाल्यांनी थोडं शांत व्हायला हरकत नाही. तक्ते पाठ झाल्यानं खुणा दिसू लागत नाहीत. रोज पाच उतारे सोडवून, प्रत्येक वेळी ‘हे उत्तर कोणत्या शब्दामुळे?’ असं स्वतःला विचारत गेल्यानं दिसू लागतात.

न्यायाचा मुद्दाही मोडीत निघालेला नाही. रिगाटा गेला म्हणून पक्षपात गेला असं समजायचं कारण नाही. त्या काळी सॅट घेणाऱ्या ईटीएस संस्थेत पूर्वी काम केलेले रॉय फ्रीडल यांनी २००३ मध्ये एक उलटंच निरीक्षण मांडलं : सारख्याच एकूण गुणांच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांची तुलना केली तर कृष्णवर्णीय मुलं सोप्या प्रश्नांत तुलनेनं मागे पडतात आणि अवघड प्रश्नांत नाही. त्यांनी दिलेलं कारण असं की अवघड शब्द सगळे पुस्तकातूनच शिकतात, त्यामुळे त्याचा अर्थ सगळ्यांसाठी एकच असतो. रोजच्या वापरातल्या शब्दाला मात्र प्रत्येक घरात, प्रत्येक वस्तीत वेगळी छटा असते. ईटीएसनं हे मान्य केलं नाही आणि वाद पुढे बराच चालला. पण आपल्याला त्यातलं तत्त्व ओळखीचं वाटावं. आपल्या इंग्रजीतला ‘क्वालिफाइड’ आणि न्यूयॉर्कच्या समीक्षकाचा ‘क्वालिफाइड’ एकच नाही. शिंप्याच्या घरातल्या मुलाला माया आणि दोरा एकदमच ठाऊक होतात, इतरांना वाक्यावरून ताडावं लागतं.

आपल्याकडच्या परीक्षा या सगळ्या प्रवासात वेगवेगळ्या थांब्यांवर उभ्या आहेत. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द अजून सुटेच येतात, म्हणून नॉर्मन लुईसचं शब्दसंपत्ती वाढवायचं १९४९ सालचं पुस्तक फुटपाथवर आजही खपतं. बँकांच्या परीक्षांत ‘क्लोज टेस्ट’चा दबदबा आहे. सलग उताऱ्यात ठरावीक अंतरानं जागा गाळायच्या, ही कल्पना विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली ती विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला नव्हे, तर लेखन किती सुबोध आहे ते मोजायला. मजकूर जोखायचं माप माणसाला लावलं गेलं आणि ते बसलंही. मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठीच्या कॅटमधून सुट्या शब्दांचे प्रश्न कधीचेच गेले.

मधल्या थांब्यावर आहेत सैन्यभरतीच्या एनडीए आणि सीडीएससारखे पेपर. तिथे शब्द वाक्यात देतात, खाली रेघ मारतात आणि अर्थ विचारतात. पण कित्येक वाक्यांत त्या शब्दाच्या अर्थाला आधार देईल असं काही नसतंच. वाक्य नसतं तरी चाललं असतं. १९६४ मध्ये सुरू झालेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेनंही मधला काही काळ अशीच वाक्यं वापरली आणि नव्वदीच्या दशकात शब्द थेट उताऱ्यात नेले. अशा वाक्याला मी सजावटीचा संदर्भ म्हणतो. विद्यार्थ्याचे दहा सेकंद जातात, मिळत काही नाही.

मराठीतल्या परीक्षांकडे या नजरेनं कुणी पाहत नाही याचं वाईट वाटतं. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा महाराष्ट्रातली हजारो मुलं मराठीतून देतात. भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. त्यांत उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा विरुद्धार्थी शब्द अनेकदा असतो. शिष्यवृत्ती परीक्षेतही उतारे असतातच. अशा प्रश्नांची कसोटी सोपी आहे : उतारा झाकून प्रश्न सोडवून पाहायचा. सुटला, तर तो सुट्या शब्दाचाच प्रश्न आहे, उतारा नावापुरता. सरावाच्या पुस्तकांना ही कसोटी लावली की पुष्कळ प्रश्न झाकूनही सुटतात, कारण शब्द ‘समानार्थी शब्दांच्या यादी’तूनच उचललेला असतो. उताऱ्यात नदीचं पाणी वाहत असतं आणि खाली पर्याय असतात जल, अनल, अनिल, अवनी. पेपर काढणाऱ्याला फारसे कष्ट घ्यायचे नसले तरी एवढं करता येईल : उताऱ्यात ‘पहिल्या दोन डावांतच दादांनी समोरच्या पैलवानाचं पाणी जोखलं’ असं एक वाक्य ठेवावं, आणि मग ‘पाणी’चा अर्थ विचारावा. जल, तेज, कुवत, अश्रू. यादी पाठ असलेला आणि उतारा वाचलेला, दोघांच्या उत्तरपत्रिका लगेच वेगळ्या दिसतील.